ओव्हरलॉक येतं का?

रविवारी कांतुता चौकात,
बटाट्याच्या पोत्यांशेजारी, न्हाव्याच्या खुर्चीमागे
माणसं पुठ्ठे धरून उभी असतात :
शिवणकाम. राहणं-जेवण तिथंच.
मीही उभी राहिले. ओरूरोहून तीन दिवस बस,
अंगावर लोकरीचा कोट,
आणि साओ पावलोची हवा इतकी दाट
की अर्धाच श्वास घेतला तरी पुरायचा.
वर आमच्याकडे हवा मोजूनमापून मिळते.

इलारियोनं विचारलं, ओव्हरलॉक येतं का?
मी म्हटलं, येतं.
इतक्या झटकन म्हटलं
की क्षणभर माझं मलाच खरं वाटलं.

येत काय होतं?
आईचं पायानं चालवायचं मशीन, सरळ टीप,
आणि दाभणानं पोत्याचं तोंड शिवणं.

रात्री सगळे निजल्यावर मी त्या मशीनसमोर बसले.
चार रिळं, चार धागे,
पोटात कुठं कुठं वळलेले, बिळातल्या उंदरांसारखे.
एक ओढला तर दुसरा तुटला.
दुसरा ओवायला गेले तर सुईच मोडली,
ती मी पोलक्याच्या घडीत लपवली.
खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी,
वर एक हेलिकॉप्टर, कुणा श्रीमंताला
घरी नेऊन सोडत असणार, रस्त्याला पायसुद्धा न लावता.
आणि मी, पाचव्या मजल्यावर,
मशीनला आयमारा भाषेत शिव्या देत होते.

सेवेरिना जागीच होती.
गोधडीतूनच म्हणाली,
अगं वेडे, पहिल्यापासून कोण ओवतं?
जुना धागा काढू नकोस. कात्रीनं छाट,
त्याच्या शेपटाला नव्याचं टोक बांध,
आणि हळू चाक फिरव.
जुना बाहेर निघताना नव्याला वाट दाखवतो.
मग कूस बदलून घोरायला लागली.

पहिल्या महिन्याचा पगार बसभाड्यात वळता झाला.
दुसऱ्यात मी चपला घेतल्या,
तिसऱ्यात थोडी पोर्तुगीज : किती, उद्या, नाही.
नाही म्हणायला सगळ्यांत वेळ लागला.
एका कॉलरचे जे मिळतात
त्यात उसाच्या रसाचा अर्धा पेला येतो.
हे मी बासिलियाला फोनवर सांगत नाही.
तिला सांगते, इथं पहाटे तीनला बाजार भरतो,
दिव्यांखाली कपड्यांचे डोंगर,
आणि बायका भांडतात अशा, की ऐकत राहावं.
खोटं नाही ते. मला खरंच आवडतं.

परवा आर्मेनिया स्टेशनबाहेर
एका बाईच्या अंगात माझा निळा झगा दिसला.
डावी कॉलर जराशी तिरकी.
म्हणजे पहिल्या आठवड्यातला.
दोन स्टॉप मी तिच्या मागे उभी,
माफी मागावी की ओळख द्यावी, ठरेना.
ती उतरली. छान दिसत होती, कॉलरसकट.

आज इलारियोनं पुठ्ठा माझ्या हातात दिला,
म्हणाला, तू निवड, मला माणसं कळत नाहीत.
एक पोर आली, पोतोसीची, नाव यानेत,
उन्हात कोट घालून, कपाळावर घाम.
मी विचारलं, ओव्हरलॉक येतं का?
येतं, म्हणाली. चपलांकडे बघून.

मी पुठ्ठा खाली ठेवला.
पगाराचं खरं काय ते आधी सांगितलं,
खिडकी कुठली उघडते तेही.
तरी येते म्हणाली.
तिच्यासाठी एक सालतेन्या घेतला, गरम,
रस कोपरापर्यंत ओघळला तिच्या,
ती हसली, आणि मग एकदम रडायला लागली.
मी म्हटलं, कोट काढ आधी.